गेटवरचा दर दर्यात पोचतो

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदराजवळच्या वाडीतला. पुण्यात एमबीए केलं, काही वर्षं मुंबईत नोकरी केली आणि आता गावाजवळच्याच एका मत्स्यप्रक्रिया कारखान्यात खरेदी आणि उत्पादन असं दोन्ही बघतो. आम्ही सुरिमी (माशाचा धुऊन गोठवलेला लगदा) आणि फ्रोझन मासळी निर्यात करतो. कंपनीने मला शाश्वतता आणि व्यवसाय या विषयाच्या कोर्सला पाठवायचं ठरवलंय. जूनपासून, दर शनिवार-रविवार. मला हा वेळेचा शुद्ध अपव्यय वाटतो. आमच्याकडे ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) आहे, प्रदूषण मंडळाची संमती आहे, ऑडिटच्या आधी कन्सल्टंट येऊन फायली लावून जातो. माझं काम म्हणजे रोजचं टनेज, यील्ड (कच्च्या मासळीतून किती माल निघाला ते) आणि वेळेवर निघालेला कंटेनर. समाजाचं बघायला सरकार आहे.

दुसरं थोडं घरगुती आहे. माझे काका गिलनेटची, म्हणजे मासा कल्ल्यात अडकवणाऱ्या जाळ्याची, छोटी होडी चालवतात. शिमग्याला पालखी घरी आली तेव्हा सगळ्या भावकीसमोर ते मला म्हणाले, ‘तुम्हीच दर्या खाल्लात.’ मी गप्प बसलो, पण राग गेलेला नाही. मी आयुष्यात एकही जाळं टाकलेलं नाही. पकडणारे ते, विकणारे ते, आणि दोष माझा? कोर्सला जावं का? आणि काकांना काय उत्तर द्यावं?

– ‘क’, रत्नागिरी जिल्हा

उत्तर

क, तुम्ही दोन प्रश्न वेगळे मांडलेत, एक नोकरीचा आणि एक घरचा. मला तो एकच प्रश्न दिसतो. तुमच्या काकांना जे दिसतंय ते तुमच्या मंथली रिपोर्टमध्ये येत नाही, एवढाच फरक.

तुम्ही जाळं टाकत नाही हे खरं. पण दर तुम्ही काढता. रोज संध्याकाळी तुमच्या फोनवरून जो दर बंदरावर जातो, तो ऐकून तांडेल, म्हणजे नौकेचा म्होरक्या, दुसऱ्या दिवशीचं ठरवतो. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार आणि नौकेच्या मालकाने कारखान्याकडून आगाऊ घेतलेली उचल एवढं सगळं त्या एका फेरीतून निघायचं असतं. मोठा राणी मासा मिळाला नाही आणि तुमच्या गेटवर बारीकही घेतला जातो, दर कमी का असेना, हे त्याला माहीत असलं की तो बारीक आणतो. खोळ्याचा (जाळ्याच्या मासे साठणाऱ्या टोकाचा) आस, म्हणजे जाळ्याचं भोक, लहान ठेवतो. यात त्याचा लोभ शोधायला जाऊ नका, त्याने तुमच्याइतकाच सरळ हिशेब केलेला असतो.

त्यात तुमचा माल सुरिमी. अख्खं पापलेट निर्यात करणाऱ्याला आकाराची फिकीर करावीच लागते, कारण तिकडचा गिऱ्हाईक ग्रेड बघून पैसे देतो. सुरिमीत मासा मशीनमध्ये जातो आणि पांढरा लगदा होऊन बाहेर येतो. तो एकदा तरी अंडी घालून आलेला मासा होता की त्याआधीच उचललेला, हे ब्लॉक बघून कुणालाच कळत नाही. जी मासळी पूर्वी कुणी विचारत नव्हतं, वाळवून खताला जायची किंवा पाण्यात परत टाकली जायची, तिला सुरिमी आणि फिशमीलने (वाळवलेल्या माशाच्या भुकटीने) बाजार दिला. बाजार दिला हे चांगलंच झालं, बंदरावर पैसा आला. पण त्या बाजाराने पिल्लांनाही किंमत दिली, आणि पिल्लू विकलं गेलं की दोन वर्षांनंतरचा तुमचा कच्चा माल विकला गेला.

महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा केलं. त्याचा किमान आकार 135 मिलिमीटर, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. ही यादी तुमच्या खरेदी विभागात भिंतीवर लावलेली आहे का? बहुतेक नसेल. हा नियम मच्छीमारांसाठी आहे असं तुमच्याकडे समजत असतील. पण आकार मोजता येतो तो टेबलावर, आणि टेबल तुमचं आहे. वीस-तीस वावांवर हेलकावणाऱ्या नौकेवर रात्री दोन वाजता कुणी पट्टी लावून मासे मोजणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, मी बारीक मासा बंद केला तर शेजारचा कारखाना घेईल. माझं टनेज जाईल, मासा वाचणार नाहीच. अगदी बरोबर. आणि नेमक्या याच ठिकाणी तुमचं एमबीए संपतं. एका कारखान्यापुरतं शहाणपण आणि सगळ्या किनाऱ्यापुरतं शहाणपण यांचा मेळ कसा घालायचा, हे यील्डच्या तक्त्यातून कळत नाही.

या कोड्यावर खूप विचार झालेला आहे. 1968 मध्ये गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडलं की सामायिक कुरण असलं की जो तो आपली गुरं वाढवत जाणार आणि शेवटी कुरण ओसाड पडणार. पुष्कळ लोक तिथेच थांबले: मालकी तरी द्या, नाहीतर सरकारी दंडुका तरी आणा. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी मात्र प्रत्यक्षात लोक काय करतात ते बघितलं. मच्छीमारांच्या वस्त्या, पाटाच्या पाण्याचे शेतकरी, डोंगरातल्या गावांची राखीव राने. त्यांना दिसलं की बऱ्याच ठिकाणी लोकांनी आपसांत नियम करून ही सामायिक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकवलेली आहे. नियम कुणी मोडतंय का यावर तेच लक्ष ठेवतात, पहिल्या चुकीला थोडा दंड, पुढे जास्त, आणि ज्यांना नियम लागू त्यांचाच नियम करण्यात हात. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

तुम्हाला यासाठी परदेशी जायची गरज नाही. मालवण-वेंगुर्ल्याकडची रापण आठवा. होडीने अर्धवर्तुळात जाळं सोडायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि पन्नास-साठ माणसांनी ओढायचं. कुणी कधी जाळं टाकायचं याचे पाळीचे नियम, दोराला हात लावणाऱ्याला वाटा, जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा. ही व्यवस्थापनाची पद्धत आहे आणि ती कुठल्याही बिझनेस स्कूलपेक्षा जुनी आहे. रापणकर आणि पर्ससीनवाले (माशांच्या थव्याला मोठ्या जाळ्याने वेढून ते तळाशी आवळणारे) यांच्यातला झगडा तुम्ही बातम्यांत वाचला असेल. 2016 मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध आणले, मोसम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला. त्या भांडणात मासा हा अर्धाच विषय होता. दर्यावर नियम कुणी करायचे, हा उरलेला अर्धा.

इथे काकांच्या बाजूचंही थोडं सोलून बघू. पारंपरिक म्हणजे आपोआप शाश्वत, असं मी मानत नाही. लहान होडीवालाही बारीक आसाचं जाळं लावतो, खाडीच्या तोंडाशी कोवळी मासळी ओढतो, आणि पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत लपूनछपून जाणारे कोण असतात हे प्रत्येक वाडीला माहीत असतं. तेव्हा काकांनी सगळं खापर तुमच्यावर फोडलं ते अन्यायाचंच झालं, तेही पालखीसमोर. पण त्यांच्या जाळ्यात काय येतं आणि काय यायचं थांबलं, हे ते तीस-चाळीस वर्षं बघत आलेत. तुमच्या कंपनीकडे खरेदीचा डेटा फार तर कंपनी निघाल्यापासूनचा असेल.

आता ऑडिट आणि कन्सल्टंटचं. वेळासला तुम्ही गेला असालच. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. गावकरी त्यात उतरले, पुढे महोत्सव सुरू झाला आणि लोक पहाटे पिल्लं समुद्रात जाताना बघायला येऊ लागले. आपल्याला वाटतं, छान आहे, पोरांना दाखवावं. पण हेच कासव निर्यातीच्या टेबलावरही आहे. भारतात समुद्रातून पकडलेली कोळंबी अमेरिकेने गेली काही वर्षं घेणं थांबवलं आहे, कारण आपल्या ट्रॉलच्या जाळ्यात कासवाला सुटून जायची चौकट नाही. ती चौकट काही रॉकेटशास्त्र नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या जाळ्यांसाठी ती करून दिली आहे. थोडी कोळंबीही तिच्यातून निसटेल या भीतीने ती लागत नाही. वेळासच्या वाळूत जे राखलं जातं ते आपल्याच जाळ्यात अडकतं, आणि त्याचा भुर्दंड ज्याने कासव कधी पाहिलंही नाही अशा निर्यातदाराला बसतो. युरोपचंही तसंच. 2010 पासून तिकडे समुद्री मासळी जाते ती कॅच सर्टिफिकेटसह: कुठल्या नौकेने, कुठे, कधी पकडली. तुमचा कन्सल्टंट हा कागद भरून देतो. पण कागदातली माहिती खरी आहे की नाही हे बंदरावर, खरेदीच्या वेळी ठरतं. म्हणजे पुन्हा तुमच्याच टेबलावर.

ईटीपी आणि संमतीचं म्हणाल तर तारापूरकडे बघा. तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांकडे संमतीपत्रं होतीच. त्यांचं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रात जात होतं, आणि केंद्राची जेवढी ताकद त्याहून जास्त पाणी येत होतं. ज्याचा त्याचा कागद जागच्या जागी, आणि खाडीत जायचं ते जातच होतं. 2016 मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषद, म्हणजे मच्छीमारांचीच संघटना, राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि 2022 मध्ये लवादाने केंद्रासकट कारखान्यांना भरपाईसाठी जबाबदार धरलं. आमचं आम्ही पाळलं, या बचावाने तिथे फार काही वाचलं नाही. दाभोळ खाडीत मासेमारी करणारे भोई आणि लोट्याची रासायनिक कारखान्यांची वसाहत यांची गोष्टही तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही तिथून जवळच राहता.

पाण्याबद्दल तुमच्या पत्रात अवाक्षर नाही, म्हणून विचारते. सुरिमीचा लगदा पुन्हापुन्हा थंड पाण्याने धुवावा लागतो, रक्त आणि चरबी निघेपर्यंत. हे पाणी मे महिन्यात कुठून येतं? रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि एप्रिल संपत आला की वाड्यांवर टँकर फिरायला लागतात. जांभा पाणी धरून ठेवत नाही, नद्या आखूड, सह्याद्रीवरून निघालेलं पाणी बघता बघता समुद्रात. किनाऱ्याजवळ बोअरने ओढत राहिलं की खालून खारं पाणी वर येतं, आणि ते आधी कारखान्याच्या विहिरीत येत नाही, शेजारच्या घराच्या विहिरीत येतं. तुमचा टँकर ज्या विहिरीवर भरतो त्या विहिरीवर आणखी कोण भरतं, हे तुम्ही एकदा ड्रायव्हरला विचारा. पर्चेस ऑर्डरमध्ये ते लिहिलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट माझ्या फार डोळ्यावर येते. कंपनी लिलावात अख्खी नौका उचलते तेव्हा टोपली घेऊन आलेल्या बाईला दोन-चार किलो कुठून मिळणार? ती आता कुठून माल घेते, की तिने धंदाच सोडला आणि तुमच्याच शेडमध्ये कोळंबी सोलायला उभी राहिली? तसं असेल तर तिला पीएफ आहे का, बर्फात हात घालून किती तास उभी असते, ठेकेदार तिच्या पगारातून काय कापतो? खलाशी नेपाळचे, शेडमधल्या मुली परराज्यातल्या. 2020 मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा हा सगळा डोलारा किती थोड्या माणसांवर उभा आहे ते दिसलं होतं. तुम्ही तेव्हा मुंबईत होतात बहुतेक.

समाजाचं बघायला सरकार आहे, या वाक्यावर मी जास्त बोलत नाही. फक्त अंजनवेल आठवा, तुमच्याच जिल्ह्यातलं. एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा वीज प्रकल्प त्या वेळी देशातली सगळ्यात मोठी परकीय गुंतवणूक म्हणून गाजला. 1992 मध्ये सामंजस्य करार, 1999 मध्ये वीज सुरू, 2001 मध्ये बंद. गावांनी विरोध केला, लोक तुरुंगात गेले, पण प्रकल्प बंद पडला तो त्यामुळे नव्हे. एकच गिऱ्हाईक होतं, राज्याचं वीज मंडळ, आणि डॉलर व इंधनाला बांधलेला तो दर त्याला परवडेना. हुशार माणसांनी वकील लावून केलेला करार होता. समोरचा पैसे कुठून आणणार, हे मात्र कुणी नीट धरलं नव्हतं. व्यवस्था समजून घेणं म्हणजे झाडं लावणं आणि बीच साफ करणं, असं ज्यांना वाटतं त्यांना मी हे उदाहरण मुद्दाम सांगते.

तेव्हा कोर्सला जा. तसाही जून-जुलैत, 31 जुलैपर्यंत बंदी असताना, तुमचा प्लांट मेंटेनन्सलाच असतो. पण डोळे उघडे ठेवून जा, कारण अशा कोर्सात पाणीही भरपूर घातलेलं असतं. रिपोर्ट कसा सजवायचा, लोगो कुठे लावायचा, अमुक तमुक निर्देशांक. सेबीने 2022-23 पासून पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला, त्यामुळे हा धंदा वाढला आहे. तुमची कंपनी लिस्टेड नाही. तुमचा गिऱ्हाईक असेल, तो तुम्हाला प्रश्नावली पाठवेल, तेवढ्यापुरतं शिकून घ्या. सीएसआरच्या, म्हणजे नफ्यातून समाजकार्याला द्यायच्या, दोन टक्क्यांचं लेक्चर असेल तर मागे बसून चहा प्यायला हरकत नाही. ते नफा झाल्यावर काय द्यायचं याचं शिक्षण आहे, तुम्हाला हवंय ते नफा कुठून येतोय याचं. पुरवठा साखळी, सामायिक संसाधनं, पाणी आणि मजूर हे विषय असतील त्या दिवशी पुढच्या बाकावर बसा आणि शिक्षकाला स्वतःच्या कारखान्याचे आकडे देऊन छळा. पुस्तकातलं उदाहरण घेऊन परत येऊ नका.

आणि कंपनीच्या मालकाशी बोलायचं असेल तर मे संपायच्या आतच बोला. उचल बंदीच्या दोन महिन्यांत दिली जाते हे तुम्हाला माहीत आहे. ऑगस्टला नौका सुटतात तेव्हा कोण कुणाला काय दराने देणार ते ठरून गेलेलं असतं. एक ऑगस्टनंतर तुम्ही कितीही शिकून आलात तरी पुढच्या जूनपर्यंत हात बांधलेले. मी तुमच्या जागी असते तर मालकाकडे एवढंच मागितलं असतं: उचल देतानाच आसाची अट घालायची, आणि दरातला फरक असा ठेवायचा की मोठा मासा आणणाऱ्याला फेरीमागे खरोखर दोन पैसे जास्त सुटतील. बारीक माशाचा दर एकदम शून्य करू नका, तांडेल तो दुसरीकडे टाकेल आणि तुम्हाला खोटं सांगायला शिकेल. दर टप्प्याटप्प्याने खाली आणा. शेजारच्या कारखान्याच्या खरेदीवाल्यालाही चहाला बोलवा, त्याचीही हीच दुखणी असतील. दोघांनी मिळून 54 जातींचा तक्ता लावला तर बंदरावरच्या लिलावात तो दिसेल. एकट्याने लावलात तर चेष्टा होईल. मालक नाही म्हणाले तर निदान तीन वर्षांची खरेदी आकारमानाप्रमाणे काढून त्यांच्यासमोर ठेवा. तुमच्याकडे ग्रेडिंगची नोंद असणारच. मोठ्याचं प्रमाण घसरत असेल तर तो आलेख पुढच्या विस्ताराच्या कर्जाशेजारी ठेवून त्यांनाच बघू द्या. बँकेला हप्ता सात वर्षं द्यायचाय आणि मासा किती वर्षं पुरेल, हा प्रश्न त्यांनाही पडेल. ते व्यापारी आहेत, संत नाहीत, आणि यासाठी संत असायची गरजही नाही.

काकांना उत्तर द्यायचं म्हणता. उत्तर देऊ नका, काम द्या. बंदीत होडी किनाऱ्यावर असते आणि ते जाळी विणत, दुरुस्त करत बसलेले असतात. वही घेऊन जा. कुठल्या महिन्यात कुठला मासा पोटात गाभोळी घेऊन येतो, कुठल्या खडपाजवळ पूर्वी काय मिळायचं आणि कधीपासून मिळत नाही, हे विचारून घ्या. तुमच्या खरेदीच्या कॅलेंडरला ते लावून बघा. ते शिव्या देतील, पहिला अर्धा तास तरी. काकू मध्ये पडून चहा देतील. सर्व्हेला आलेल्या साहेबासारखं तोंड करून बसू नका, तुम्ही ज्या घरात वाढलात तेच घर आहे ते.

आणि त्यांना तुमच्या गेटवरचा दर खराखुरा सांगा, दलाल सांगतो तो नव्हे. गिलनेटच्या मोठ्या सुरमई-बांगड्याला तुमची कंपनी थेट काय देऊ शकते, तेही सांगा. देऊ शकत नसाल, तर का नाही, ते.